सात देणी, एक कागद

प्रश्न डिचोलीच्या एका टॅक्सी व्यावसायिकाचा आहे. वय ३८, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, दोन मुले. सात ठिकाणचे मिळून ३२ लाख ९५ हजारांचे देणे. हप्ते, व्याज आणि कार्डांची किमान रक्कम धरून महिन्याला ७२,८०० रुपये जायला हवेत. टॅक्सीचे डिझेल वजा जाता मोसमात ४५ हजार सुटतात, पावसाळ्यात १८ हजार. पत्नीचा पगार २४ हजार, घरखर्च २६ हजार. ते लिहितात: "दिवसाला वीस फोन येतात. कार्डवाल्यांना थोडे थोडे देऊन गप्प करतो आणि त्यात घराचा हप्ता चुकतो. बाहेरच्या देशांत म्हणे कोर्टामार्फत सगळ्या घेणेकऱ्यांशी एकदम तडजोड होते. आपल्याकडे तसे काही आहे का? पर्सनल लोनवाल्या बँकेकडून लोक अदालतीची नोटीस आली आहे, जावे का?"

जा. पण जाण्याआधी थोडे काम आहे. ते झाल्याशिवाय गेलात तर तिथल्या गर्दीत कुठल्या तरी आकड्यावर सही करून याल आणि दोन महिन्यांनी तोही आकडा मोडेल.

मी २७ वर्षे बँकेच्या वसुली विभागात होतो. निवृत्तीनंतर फोंड्याला बसतो आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूने हेच काम करतो. माणसे येतात ती बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत पाकिटे, आणि त्यातली अर्धी न फोडलेली. गेल्या पावसाळ्यात एक जोडपे आले होते. पिशवी टेबलावर रिकामी केली, तर कार्डाच्या बिलांखाली रजिस्टर पोस्टाने आलेले एक जाड पाकीट निघाले. ते फोडलेच नव्हते. आत घराच्या कर्जाची सरफेसी कायद्याखालची नोटीस होती; या कायद्याने बँक दावा न लावता गहाण घराचा ताबा घेऊ शकते. रक्कम भरायला ६० दिवस मिळतात, त्यांतले ५१ संपले होते. त्या ५१ दिवसांत त्या माणसाने कार्डवाल्या एजंटांना ३८ हजार रुपये दिले होते, कारण ते रोज फोन करत. घरवाल्या बँकेने एकही फोन केला नव्हता.

तुमच्या पत्रातही मला हेच दिसते. ज्याच्या हातात काही नसते तो आवाज करतो. ज्याच्या हातात घर असते तो कागद पाठवतो. म्हणून पैसे कोणाला आधी द्यायचे हे फोनवरून ठरवू नका. कोण काय नेऊ शकतो, ते बघा.

आधी कायद्याचे सांगतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. तुम्ही ऐकलेली पद्धत त्यात बरीचशी आहे. नेमलेला व्यावसायिक परतफेडीची योजना तयार करायला मदत करतो, घेणेकऱ्यांची सभा होते, मतदानात रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी होकार दिला आणि मंजुरी मिळाली की ती योजना सगळ्यांवर बंधनकारक. मधल्या काळात वसुली थांबते. पण हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. तुम्ही कधी मित्राच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जावर जामीन म्हणून सही केली असेल तर मला जरूर कळवा, मग मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाचा रस्ता वेगळा आहे. घर, गाडी आणि कार्डे यांच्यासाठी ते दार अजून उघडलेले नाही.

मग कोर्टाने जे करून दिले असते ते आपण हाताने करायचे: सगळी देणी एका कागदावर, सगळ्यांसाठी मिळून एक योजना, आणि प्रत्येकाशी लेखी करार. गोव्यात हे नवीन नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केप्यातल्या ट्रकवाल्यांच्या तोंडी ओटीएस (एकरकमी तडजोड) हा शब्द रुळला, तो याच कामासाठी. तुमच्या शेजारीपाजारी कोणी त्यातून गेलेला असेल, त्याच्याशी बोला.

आता तुमचा कागद. पत्रातले आकडे मी मांडून पाहिले. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने घरखर्च जाऊन ४३ हजार उरतात, पावसाळ्याचे चार महिने १६ हजार. वर्षाची सरासरी काढली तर कर्जासाठी महिन्याला ३४ हजार. हप्ते ७२,८००. म्हणजे तुम्ही कितीही तास गाडी चालवली तरी हे बसत नाही. यात तुमच्या आळसाचा किंवा उधळेपणाचा प्रश्न नाही, हे वहिनींनाही समजावून सांगा. घरात कर्जावरून भांडणे होतात ती बहुधा हा आकडा कोणी कागदावर मांडलेला नसतो म्हणून.

घराचे कर्ज १४ लाख २० हजार, हप्ता १६,८००. टॅक्सीचे ५ लाख ६० हजार, हप्ता १४,५००. ही दोन तडजोडीला न्यायची नाहीत. घर गेले तर सगळे गेले, आणि गाडी गेली तर कमाईच गेली. दोन्हींचे अजून ९० दिवस थकलेले नाहीत, हे तुमच्या हातातले सगळ्यात मोठे बळ आहे. ९० दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरते आणि शाखेतल्या माणसाच्या हातून प्रकरण निघून जाते. या आठवड्यातच घरवाल्या बँकेत लेखी अर्ज द्या की मुदत वाढवून हप्ता कमी करावा. आज साधारण ११ वर्षे उरलेली दिसतात. तुमचे वय पाहता २० वर्षे मागता येतील, आणि ९ टक्के व्याज धरले तर हप्ता १२,८०० च्या आसपास येतो. एकूण व्याज जास्त जाईल, ते मला दिसते आहे. पण आज प्रश्न छप्पर टिकवण्याचा आहे. पुढे पैसे आले की जादा भरा.

घरवाल्या बँकेची नोटीस आलीच, तर पाकीट त्याच दिवशी फोडा. ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताबा घेण्याचे पाऊल पडले तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. गोव्यासाठी ते मुंबईला आहे, आणि ती खेप महाग पडते.

पतसंस्थेचे ३ लाख आहेत आणि जामीन आहे तुमचा मेहुणा, सरकारी नोकरीत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि पगारदार जामीनदार म्हणजे संस्थेला सगळ्यात सोपी वसुली. तुमच्या आधी ते त्याच्याकडे जातील. म्हणून पतसंस्थेशी रक्कम कमी करण्याची बोलणी करू नका, मुदतीची करा. ५ वर्षे मागा. १२ टक्के धरले तर हप्ता ६,७०० च्या घरात येतो. घर १२,८००, टॅक्सी १४,५००, पतसंस्था ६,७००: बेरीज बरोबर ३४,०००. वर्षाच्या सरासरीत बसते. श्वास घ्यायला जागा नाही, पण बसते. मात्र मोसमात उरलेले ९ हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकावे लागतील, पावसाळ्याची तूट त्यातून भरायची आहे. ते खाते या बँकांपैकी कुठल्याही बँकेत काढू नका. तुमच्या ठेवीतून थकबाकी वळती करून घेण्याचा हक्क त्यांना असतो.

राहिले चार. सोनेतारण १ लाख ८० हजार, पर्सनल लोन ४ लाख १० हजार, दोन कार्डे मिळून २ लाख ७५ हजार, आणि गावातल्या एका माणसाकडून व्याजाने घेतलेले दीड लाख, महिना ५ टक्के.

सोने ४५ ग्रॅम आहे आणि तीन वर्षांपूर्वी ठेवले, असे तुम्ही लिहिता. भाव तेव्हाचा आणि आजचा यांत फार अंतर पडले आहे. ग्रॅमला १०,००० धरले तरी साडेचार लाख होतात, कर्ज फेडून २ लाख ७० हजार हातात राहतात. सोनाराकडून आजची किंमत काढून घ्या. हे सोने वहिनींचे आहे. ते विकायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे, आणि वरचा सगळा कागद समोर ठेवून ठरवायचे. चवथीच्या आदल्या दिवशी घाईत विचारू नका. मी पाहिले आहे, बाईला पूर्ण हिशेब दाखवला की ती बहुतेक वेळा आपल्याहून खंबीर निघते. मंगळसूत्राला हात लावायचा नाही. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी धार्मिक रूढीने जे दागिने स्त्री अंगावरून उतरवत नाही त्यांच्यावर जप्ती येत नाही.

बोटीवर असलेला भाऊ एकदाच दीड लाख द्यायला तयार आहे. म्हणजे एकरकमी ४ लाख २० हजार. समोर उरलेली तीन देणी ८ लाख ३५ हजारांची. जवळपास निम्मे. विनातारण थकलेल्या कर्जात निम्म्याच्या आसपास तडजोड होणे अशक्य नाही, पण तो तुमचा हक्कही नाही. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ ला तडजोडीची चौकट घालून दिली आहे. प्रत्येक बँकेला त्यासाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण ठेवावे लागते. त्या धोरणात कुठल्या वयाच्या थकबाकीला किती सूट, हे ठरलेले असते. म्हणून फोनवरच्या मुलाशी घासाघीस करून उपयोग नाही, त्याला अधिकार नसतो. अर्ज शाखेत किंवा वसुली विभागात लेखी द्या, उत्पन्नाचे पुरावे जोडा आणि पोच घ्या.

त्याच चौकटीतली एक गोष्ट टॅक्सीवाल्याने नीट लक्षात ठेवावी. तडजोडीची रक्कम भरायला तीन महिन्यांहून जास्त मुदत दिली तर बँकेला ते कर्जाची पुनर्रचना म्हणून धरावे लागते, म्हणून बँका तीन महिन्यांच्या आतलीच मुदत देतात. मे महिन्यात सही केलीत तर शेवटची तारीख ऑगस्टमध्ये येईल. ऑगस्टमध्ये तुमच्याकडे काय असते, ते तुम्हाला माहीत आहे. पैसे खात्यात दिसेपर्यंत सही नको. भावाचे पैसे आधी येऊ द्या, सोन्याचा निर्णय आधी होऊ द्या. मोडलेल्या तडजोडीनंतर बहुधा मूळ रक्कम व्याजासकट परत उभी राहते आणि भरलेले पैसे त्यात जिरतात.

काजूच्या बागायतीतला तुमचा वाटा विकून बाकीचे देईन, असे तुम्ही एका बँकेला तोंडी सांगितले आहे. ते मागे घ्या. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) अजून आजोबांचे नाव आहे आणि वारस नऊ. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टामार्फत वारसांची वाटणी, झाल्याशिवाय तुमचा वाटा वेगळा निघत नाही, आणि विक्रीच्या दस्तावर तुमच्याबरोबर वहिनींचीही सही लागेल. याला किती वर्षे लागतील ते कोणी सांगू नये. ज्या पैशाची तारीख नाही तो पैसा योजनेत धरायचा नाही.

त्याच्याच उलट एक सल्ला तुम्हाला कोणी तरी दिला आहे: घर पत्नीच्या नावावर करा. करू नका. घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केलेले हस्तांतर कोर्ट रद्द करू शकते, आणि घर बँकेकडे गहाण असताना तर तो फसवणुकीचा कागद होतो. शिवाय आपल्या गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईकच असते. अर्धा वाटा त्यांचा आजही आहे.

गावातल्या माणसाचे दीड लाख. रक्कम लहान आहे, पण धोका इथे आहे, कारण त्याच्याकडे तुमचे सही केलेले तीन कोरे धनादेश आहेत. कर्ज फेडता आले नाही म्हणून या देशात तुरुंगात टाकत नाहीत. ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्याचीच गोष्ट वेगळी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. धनादेश न वटणे मात्र फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड. बँकेला सांगून पैसे थांबवले तरी सुटका होत नाही. नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली तर गुन्हा उभा राहत नाही, ते १५ दिवस कधीही वाया घालवू नका. तुम्ही २६ महिने ५ टक्क्यांनी व्याज दिले, म्हणजे १ लाख ९५ हजार. मुद्दलापेक्षा जास्त. व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला परवाना लागतो, तो त्याच्याकडे आहे का हे शांतपणे विचारा. गावातला कोणी ज्येष्ठ मध्ये बसवा. एक रक्कम ठरवा, ती बँक खात्यातून द्या, आणि त्याच बैठकीत तिन्ही धनादेश हातात घ्या. एका हाताने पैसे, दुसऱ्या हाताने धनादेश. "घरी विसरलो, उद्या देतो" म्हणाला तर पैसेही उद्या.

आता लोक अदालत. तिथे झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून ती जागा चांगली, आणि म्हणूनच तिथे विचार न करता सही करू नये. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. या वेळी आकडा जमला नाही तर न ठरवता परत या, त्यासाठी काही शिक्षा नाही. जाण्यापूर्वी डिचोली न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत जा. वहिनी पगारदार असल्या तरी स्त्री म्हणून त्यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो, आणि घराच्या कर्जावर त्यांची सही आहेच. पर्सनल लोनवाल्या बँकेने आधीच दावा लावला असेल तर तडजोड कोर्टासमोर नोंदवून संमतीचा हुकूमनामा घ्यावा लागतो. बाहेरच्या बाहेर मिटवले आणि दावा चालूच राहिला, असे होऊ देऊ नका.

पैसे भरण्याआधी बँकेचे पत्र हातात पाहिजे. फोनवरचा मेसेज चालणार नाही, एजंटाच्या वहीतली पावतीही नाही. पत्रावर खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, शेवटची तारीख, "या रकमेनंतर कोणतेही येणे राहणार नाही" हे वाक्य, चालू दावा किंवा धनादेशाची तक्रार मागे घेण्याची हमी, आणि जामीनदार असेल तर त्याचीही सुटका. हा शेवटचा मुद्दा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक तडजोडपत्र मी लिहिले आणि त्यात जामीनदाराचा उल्लेख राहिला. कर्जदार मोकळा झाला, पण जामीनदाराच्या पगारातली कपात पुढे चार महिने चालू राहिली. तो शिपाई होता, मुलीच्या शाळेची फी त्याने उसनी काढली. पैसे परत मिळाले, पण तो माणूस नंतर कधी बँकेत आला नाही. तेव्हापासून मी पत्राची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतो.

जुन्या थकबाकीबद्दल एक सावधगिरी. विनातारण कर्जाच्या वसुलीसाठी दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत संपण्याआधी तुम्ही देणे लेखी कबूल केले की ती पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. तुमच्या कार्डांची थकबाकी आठ महिन्यांचीच आहे, तेव्हा तुम्हाला याने फरक पडत नाही. पण तुमच्या भावाच्या ज्या कार्डाबद्दल तुम्ही लिहिले आहे त्याची थकबाकी जुनी असेल, तर एजंटाने पुढे केलेल्या कागदावर त्याने वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

फोनचे म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करता येत नाही. नातेवाईक, मित्र, शाळेतले सहकारी यांना फोन करून लाज काढणेही मना आहे. वहिनींच्या मुख्याध्यापकांना आलेल्या फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून बँकेच्या तक्रार विभागाला पाठवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. ही तक्रार तडजोडीच्या अर्जालाही जोडा. तिचा उपयोग होतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिले आहे.

आणि आगाऊ फी घेऊन "कर्ज माफ करून देतो, हप्ते भरणे आजच थांबवा" म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा जाहिरातींबद्दल लोकांना जाहीर सावध केले होते. त्यांच्या फीचे पैसे तुमच्या ४ लाख २० हजारांतूनच जाणार.

तडजोड केल्यावर सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, त्या खात्यापुढे "सेटल्ड" लागेल, "क्लोज्ड" नव्हे. ज्या बँकेशी तडजोड कराल ती पुढे निदान १२ महिने तुम्हाला नवे कर्ज देणार नाही, इतर बँकाही बिचकतील. माझ्या मते तुमच्यासाठी ही किंमत परवडणारी आहे. पुढची काही वर्षे तुम्हाला नवे कर्ज नकोच आहे.

क्रम असा धरा. या आठवड्यात घर आणि पतसंस्थेचे अर्ज. टॅक्सीचा थकलेला हप्ता भरून ते खाते नियमित. मग सोन्याची किंमत आणि वहिनींशी बसणे. पैसे खात्यात आले की पहिला गावातला माणूस, कारण धनादेश. मग कार्डे, तिथे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज चढते आहे. उरेल ते घेऊन पर्सनल लोनवाल्या बँकेसमोर लोक अदालतीत बसा. या अदालतीत नाही जमले तर डिसेंबरच्या किंवा मार्चच्या, मोसमाचे पैसे हातात असताना.

प्रत्येक खाते मिटले की महिन्याभरात बेबाकी पत्र (काही देणे उरले नाही असे पत्र) घ्या. टॅक्सी फिटेल तेव्हा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्या, बँक ते आपण होऊन करत नाही. घराची मूळ कागदपत्रे कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यावी लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आणि तडजोडीनंतर दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल काढून बघा. थकबाकीच्या रकान्यात शून्य नसेल तर पत्राची प्रत जोडून तक्रार करा.

पिशवीतली पाकिटे आज रात्री फोडा. तारखेप्रमाणे लावा, रजिस्टर पोस्टाची वेगळी काढा. येताना दोघेही या.